किनाऱ्यावरचे घर आणि शहरातली दुसरी नोकरी

वेंगुर्ले तालुक्यातील एका एकोणतीस वर्षांच्या तरुणाने विचारले आहे की, त्याच्या वयाचे शिकलेले तरुण आज किनाऱ्यावरचे राहणे पसंत करतात की महानगरातली नोकरी. तो स्वतः पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करतो, पत्नी एका खाजगी बँकेत आहे, आणि घरून काम करण्याची परवानगी मिळाल्यास दोघांनी गावी जावे असा त्याचा विचार आहे. मी गेली बावीस वर्षे नोकरभरतीच्या व्यवसायात आहे. त्यातली पहिली तेरा वर्षे पुण्यात गेली आणि पुढची नऊ रत्नागिरीत, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही टोकांची माणसे माझ्या टेबलासमोर बसून गेली आहेत.

आवडीचे विचाराल तर बहुतेक जण समुद्राचे नाव घेतात, आणि हातात दोन ऑफर लेटर असतील तर सही शहराच्या कागदावर करतात. यात मला ढोंग दिसत नाही. पहिली नोकरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातही मिळू शकते. तरुण शहरात जातो तो दुसऱ्या नोकरीच्या खात्रीसाठी. आज हातात असलेले काम उद्या गेले, साहेबाशी पटेनासे झाले किंवा पगार तीन वर्षे जागचा हलला नाही, तर बिऱ्हाड न हलवता पुढचे काम मिळेल का, हा हिशेब तो मनातल्या मनात मांडत असतो. मुलाखतीत तो ‘ग्रोथ’ असा शब्द वापरतो, पण त्याला म्हणायचे असते ते हेच. जिथे हा हिशेब जमतो तिथे तो किनाऱ्यावरही आनंदाने राहतो, हे मी पुढे उदाहरणांनी दाखवणार आहे.

कोकणापुरते बोलायचे तर हा हिशेब नवा नाही. गिरणगावात गेलेल्या चाकरमान्याने बायकामुले गावी ठेवली आणि स्वतः लालबाग-परळच्या गावकरी खोलीत पथारी टाकली, ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. मात्र त्या खोलीचे एक काम सहसा सांगितले जात नाही. पाळीपाळीने झोपण्याची जागा, ट्रंक ठेवायला भिंतीशी हातभर कोपरा आणि जवळच एखादी खानावळ, एवढ्यापुरती ती खोली नव्हती. कोणत्या गिरणीत बदली कामगार घेत आहेत, कोणता जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, आपल्या गावचा आहे, कुठल्या खात्यात माणूस कमी आहे, ही बातमी सर्वांत आधी तिथे पोचायची. आजच्या भाषेत सांगायचे तर ती खोली म्हणजे गावाने स्वतःच्या वर्गणीतून चालवलेले रोजगार विनिमय केंद्र होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, तेव्हा एकाच धंद्यातल्या सगळ्या नोकऱ्या एकाच वेळी थांबल्या. पहिली गेली तर दुसरी, हा खोलीचा आधार त्या वेळी निकामी ठरला. त्या पिढीच्या मुलांनी पुढे एकाच धंद्याच्या शहरापेक्षा अनेक धंद्यांच्या शहरावर भरवसा ठेवला, यात मला तरी नवल वाटत नाही.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. याच दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या साधारण सोळा टक्क्यांनी वाढली होती. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा पाहून मुलींच्या जन्माचे कौतुक करणारे लोक मला भेटले आहेत. वस्तुस्थिती अशी की कमावत्या वयाचे पुरुष मोजणीच्या दिवशी डोंबिवलीत, दिव्यात किंवा नालासोपाऱ्यात होते.

याला शिक्षण कमी पडले असे म्हणता येत नाही. राज्य मंडळाचा कोकण विभाग स्वतंत्र झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात तो वर्षानुवर्षे पहिला येतो. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरी आणि देवरुखच्या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. आपण मुले उत्तम शिकवतो आणि त्यांच्या शिक्षणाचे फळ पुण्याला पाठवतो. इथे मंगळूरची तुलना उपयोगी पडते, कारण तीही पश्चिम किनाऱ्यावरचीच भूमी आहे, पाऊस तसाच, भात, माड आणि मासे तसेच. तिथे कॅनरा बँक १९०६ मध्ये, कर्नाटक बँक १९२४ मध्ये आणि शेजारच्या उडुपीत सिंडिकेट बँक १९२५ मध्ये स्थापन झाली. १९५३ मध्ये मणिपालला खाजगी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्यामुळे हिशेबनीस, वकील, डॉक्टर आणि पुढे संगणक अभियंता यांना आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर एकाहून अधिक मालक मिळू लागले. तिथलेही तरुण बंगळुरूला आणि आखातात जातातच, पण परत येताना त्यांना नोकरीवर उतरता येते. आपल्या माणसाला परत येताना निवृत्तीवर उतरावे लागते, किंवा धंद्यात उडी घ्यावी लागते. आमच्या पूर्वजांनी मुंबईतून पैसे पाठवले आणि त्यातून घरे, देवळे, शाळा उभ्या राहिल्या. पगार देणाऱ्या संस्था मात्र फार थोड्या उभ्या राहिल्या. माझ्या मते कोकणातली पसंती समजून घ्यायची असेल तर समुद्राच्या सौंदर्याची चर्चा बाजूला ठेवून या एका फरकाकडे पाहावे.

आता उलट बाजूची उदाहरणे. खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत रसायनांचे अनेक कारखाने एकमेकांना लागून आहेत. तिथला प्रॉडक्शन केमिस्ट किंवा क्वालिटी कंट्रोलचा माणूस मला पुण्याची नोकरी शोधायला क्वचित सांगतो. एका कंपनीने बढती नाकारली तर तो दोन फाटके पलीकडे जातो, चिपळूणचे घर आणि मुलांची शाळा तशीच राहते. याउलट एकाच मोठ्या प्रकल्पात काम करणारा मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल इंजिनीअर, पगार चांगला असूनही, चौथ्या-पाचव्या वर्षी अस्वस्थ होतो. त्याच्या कौशल्याचा दुसरा ग्राहक त्याला पंचक्रोशीत दिसत नाही. सावंतवाडी आणि दोडामार्गच्या मुलांचे चित्र आणखी वेगळे आहे. त्यांचे महानगर मुंबई नसून गोवा आहे. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आणि त्याआधीही उत्तर गोव्यातल्या औषध कंपन्यांमुळे सकाळी दुचाकीवरून सीमा ओलांडणारे आणि रात्री आपल्या घरी जेवणारे तरुण तिथे शेकड्यांनी आहेत. कंत्राटी नोकऱ्यांचे प्रमाण तिथे जास्त आहे आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही रास्त आहे, परंतु एक कंत्राट संपले की दुसरे मिळते एवढ्या आधारावर ते गाव सोडत नाहीत.

स्वतःच्या नावाने व्यवसाय करणाऱ्यांचे गणित तर पूर्ण निराळे आहे. चिपळूण किंवा कुडाळला बसलेला चार्टर्ड अकाउंटंट, दंतवैद्य, जमीनमोजणीतला तज्ज्ञ किंवा दिवाणी वकील यांना शहराचे आकर्षण फारसे उरलेले नाही. कोकणातल्या सामाईक सातबाऱ्यांनी वकिलांच्या तीन पिढ्या पोसल्या आहेत, असे आमच्याकडे गमतीने म्हणतात, आणि ते फारसे खोटे नाही.

घरून काम करण्याची सोय आल्यावर हे सगळे बदलेल, असे २०२० मध्ये मलाही वाटले होते. त्या मार्चनंतर घराघरांतल्या माजघरात लॅपटॉप उघडले गेले, पडवीत बसून परदेशातल्या ग्राहकांशी बोलणे सुरू झाले, आणि एरवी गणपतीला पाच दिवस येणारी माणसे सलग सात-आठ महिने गावी राहिली. त्याच काळात ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यावर आले, मे २०२१ मध्ये तौक्ते सिंधुदुर्गाला घासून गेले आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्यात गेले. वादळांनंतर काही गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, टॉवर बंद होते, आणि महामार्गावर रेंज मिळेल तिथे गाडी थांबवून मीटिंगला बसणारी मुले मी स्वतः पाहिली आहेत. पुढे कंपन्यांनी आठवड्याचे तीन दिवस ऑफिसात बोलवायला सुरुवात केली तेव्हा यांतील बहुसंख्य परत गेले. जे राहिले त्यांच्यात मला एक साम्य दिसते. ते तेहतीस-पस्तिशीच्या पुढचे होते, कामाची किंमत ग्राहकाकडून थेट वसूल करू शकत होते, आणि शहरातल्या आठ-दहा वर्षांत जमवलेल्या ओळखींच्या बळावर त्यांना गावी बसून काम मिळत होते. शहराने दिलेली ती ओळखीची पुंजी त्यांनी किनाऱ्यावर खर्चायला काढली. पंचविशीतल्या मुलाकडे ती पुंजीच नसते, म्हणून त्याला मी गावी बसण्याचा सल्ला देत नाही, मग त्याचा पगार कितीही असो.

आमच्या व्यवसायातली एक अप्रिय गोष्ट इथे सांगणे भाग आहे. मनुष्यबळ कमी करायची वेळ येते तेव्हा कोणालाही तसा आदेश दिलेला नसतो, तरी याद्या करणाऱ्या व्यवस्थापकाला डोळ्यांआडची नावे आधी सुचतात. मी अशा याद्यांच्या बैठकांना बसलो आहे. कामात कमी असलेला पण रोज जेवायच्या टेबलावर भेटणारा माणूस वाचतो आणि चारशे किलोमीटरवरून चोख काम करणारा जातो, असे प्रत्यक्ष घडलेले मी पाहिले आहे.

पसंतीचा प्रश्न विचारताना सहसा पुरुष डोळ्यांसमोर असतो. मला यात स्त्रियांचे म्हणणे अधिक निर्णायक वाटते. माझ्याकडे आलेल्या जोडप्यांपैकी परतीचा बेत जिथे फसला, तिथे बहुतेक वेळा कारण तिची नोकरी हे होते. पतीचे काम लॅपटॉपवरून होते, पण ती बँकेत, शाळेत, प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयात असते, आणि तिच्यासाठी जवळपास तोलामोलाची जागा मिळत नाही. शिवाय पुण्यातल्या दोन खोल्यांत ती स्वतःच्या घराची मालकीण असते. गावच्या ऐसपैस घरात ती सून होते. सकाळी दहाला कॉल आहे हे सासूबाईंना समजते, पण दारात आलेल्या पाहुण्यांना समजत नाही. अविवाहित मुलींच्या बाबतीत तर मला जवळजवळ अपवाद आढळलेला नाही, त्यांना शहर हवे असते आणि त्याचे कारण पगाराइतकेच तिथल्या एकटेपणाचे स्वातंत्र्य हेही असते. याचा परिणाम लग्नाच्या बाजारात उघड दिसतो. हापूसची दोनशे कलमे, स्वतःचे घर आणि चारचाकी असलेल्या मुलाला स्थळ मिळत नाही, आणि दिव्याला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मिळते. मुलीचे वडील विचारतात, “मुलगा मुंबईला आहे ना?” या एका प्रश्नाने किती तरुणांना रात्रीच्या गाडीत बसवले असेल ते सांगता येणार नाही.

पैशांबद्दल गैरसमज फार आहेत. समजा, पुण्यात हातात येणारा पगार साठ हजार आहे, भाडे, प्रवास आणि बाहेरचे खाणे यांवर तीस जातात. गावी भाडे नाही, म्हणून चाळीस हजारांची नोकरीसुद्धा परवडते, असे गणित मांडले जाते. ते महिन्याच्या ताळेबंदापुरते बरोबर असते. पण पगारवाढ टक्क्यांत मिळते, पुढची कंपनी आधीच्या पगारावरून बोली लावते, आणि चाळिसावरून सुरू झालेला दहा वर्षांचा रस्ता साठावरून सुरू झालेल्या रस्त्याला कधीच गाठत नाही. गावचा खर्चही कागदावर दिसतो तेवढा कमी नसतो. इन्व्हर्टर, दुसरे इंटरनेट कनेक्शन आणि चारचाकी या तिथे चैनीच्या वस्तू राहत नाहीत. गंभीर आजारात सिंधुदुर्गातले लोक आजही बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे धावतात, त्यामुळे आईवडिलांसाठी गावी यायचे तर तो खर्चही धरला पाहिजे. माझ्या अनुभवात आईवडिलांची सोबत हे परतीचे सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत टिकाऊ कारण आहे. ज्यांनी त्यासाठी कमी पगार पत्करला त्यांच्यापैकी पश्चात्ताप झालेला माणूस मला भेटलेला नाही.

नोकरी सोडून होमस्टे काढणाऱ्यांविषयी थोडक्यात. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा घोषित झाला आणि तारकर्ली-मालवणच्या अनेक कुटुंबांचे त्याने भले केले, हे खरे आहे. पण पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, तेव्हा बारा महिन्यांचा हप्ता आठ महिन्यांच्या गल्ल्यातून भरायचा असतो. बाहेरच्या माणसाची अडचण जमिनीपासूनच सुरू होते, कारण महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला सर्वसाधारणपणे शेतकरी असावे लागते, भरती रेषेजवळच्या बांधकामावर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात, आणि सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असणे ही आमच्याकडची सामान्य गोष्ट आहे. तुमच्या घराचा सातबारा सामाईक असेल तर चुलत्यांची संमती लेखी घेतल्याशिवाय एक वीटही चढवू नका.

ज्यांना दोन्ही हवे असते ते अलिबागचे नाव घेतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, गाड्याही वाहून नेणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, आणि अंतर खरोखरच कमी झाले. त्याबरोबर तिथल्या जागांचे भावही नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेले. ज्याला आठवड्यातून एकदाच मुंबईला जायचे आहे त्याला ते जमते, रोज जाणाऱ्याला जमत नाही. आणि मुंबई स्वतः समुद्रातच उभी आहे, हेही विसरायला नको. विरारहून चर्चगेटला रोज उभ्याने जाणाऱ्याला समुद्र भेटतो तो रविवारी, तोही पाहुण्यांना दाखवायला नेल्यावर.

आता प्रश्नकर्त्याच्या स्वतःच्या निर्णयाविषयी. तुमचे वय आणि अनुभव दोन्ही पंचविशी आणि तेहतिशीच्या मधल्या उंबरठ्यावरचे आहेत. टेस्टिंगचे काम दुरून होते, पण त्याच कामात स्वयंचलित साधनांमुळे माणसे कमी लागू लागली आहेत, म्हणून दुसऱ्या नोकरीचा विचार तुम्हाला इतरांपेक्षा आधी करावा लागेल. घरून काम करण्याची परवानगी साहेबाने तोंडी दिली असेल तर ती त्या साहेबाच्या बदलीपर्यंतच टिकते असे समजा. तुमच्या नियुक्तिपत्रात ‘बेस लोकेशन’ असा एक रकाना असेल. तो बदलून वेंगुर्ले किंवा ‘रिमोट’ असा होतो का, ते विचारा. त्याच पत्रात कंपनी कोणत्याही कार्यालयात हजर होण्यास सांगू शकते असे कलम बहुधा असते. ते काढून कोणी देणार नाही, पण बोलावण्याआधी किती दिवसांची सूचना मिळेल एवढे तरी ईमेलवर लिहून घ्या. कामाच्या ठिकाणानुसार पगार बदलण्याचे धोरण आहे का, हेही त्याच पत्रव्यवहारात विचारून ठेवा. नंतर विचारल्यास उत्तर पगारपत्रकातून मिळते.

पत्नीच्या बँकेची सावंतवाडी, कुडाळ किंवा पणजीला शाखा असेल तर बदलीचा अर्ज तुमच्या अर्जाच्या आधी गेला पाहिजे. खाजगी बँकांत अशा लहान ठिकाणी जागा क्वचित निघते आणि निघाल्यावर लगेच भरली जाते. तिची जागा पक्की होण्याआधी तुम्ही हललात, तर सहा महिन्यांत तुम्ही दोन बिऱ्हाडे चालवत असाल आणि दर शुक्रवारी आंबोली घाटातून रात्रभराचा प्रवास करत असाल.

आणि हा निर्णय मे महिन्यात घेऊ नका. मे महिन्यात आंबे असतात, भावंडे आलेली असतात, वीज बऱ्यापैकी टिकते आणि संध्याकाळी सागरेश्वराच्या किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला पुण्याचा विचारही नकोसा वाटतो. तुम्ही दोघेही जुलैत तीन आठवड्यांची सोय करा, त्यातली सुट्टी कमी आणि काम जास्त ठेवा. किती वेळा वीज गेली, किती कॉल तुटले, कपडे किती दिवस वाळले नाहीत, औषधाला कुठवर जावे लागले, याची नोंद एका वहीत करा. त्या तीन आठवड्यांत पत्नीने कुडाळ आणि पणजीला स्वतः जाऊन कामाची चौकशी करावी, आणि तुम्ही तुमच्या क्षेत्रातल्या निदान तीन कंपन्यांत दुरून करायच्या कामासाठी अर्ज टाकून पाहावा. त्यांपैकी एखादीने जरी मुलाखतीला बोलावले, तर ऑगस्टमध्ये पुण्याच्या घरमालकाला नोटीस द्यायला हरकत नाही. तोपर्यंत भाडेकरार आणि अनामत रक्कम दोन्ही जागच्या जागी राहू द्यावीत.